ओहोटीचा वेग

सोनं इथे पिवळं नसतं.
बाटलीत ते डाळिंबाच्या रसासारखं,
उजेडापुढे धरलं की आरपार लाल,
आणि पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो,
मायदेर, ह्यात सोनं आहे कुठे?

आहे. थेंबात कोट्यवधी.
एकेक कण एवढा बारीक
की त्याला चिमटा दाखवणं म्हणजे मुंगीला पहार दाखवणं.
त्यांना उचलून कुणी ठेवत नाही.
आपण फक्त जागा करायची
आणि पाण्याला सांगायचं, निघ आता, सावकाश.

जागा अशी होते:
रबराची पट्टी ताणून धरायची,
तिच्यावरून प्लाझ्माची जांभळी झळ जाऊ द्यायची.
वरची कातडी कडक होते, आतला जीव मऊच राहतो.
मग ताण सोडला
की पट्टीभर सुरकुत्या, एकीला एक लागून,
डोळ्याला न दिसणाऱ्या.
थेंब काचेखाली धरायचा, पट्टी ओढायची.
पाण्याची कड मागे सरते
आणि सरता सरता कणांना घळीत लोटत जाते.

कागदावर.

माझ्याकडे मार्चभर नुसते डाग पडले,
कॉफीचा कप उचलल्यावर पडतात तसे.
दक्षिणेचा वारा सुटला होता, दोनोस्तियात सगळ्यांची डोकी दुखत होती,
थेंब कडेनं वाळायचा, सोनं कुठेही ढीग घालून बसायचं.
साबण कमी केला. साबण वाढवला.
पट्टी क्रमांक चौतीस मी चिडून कचऱ्यात टाकली
आणि परत काढली.

आई ओंदारोआच्या धक्क्यावर जाळी दुरुस्त करते.
एकदा तिला म्हणाले, मीही जाळंच करते,
फक्त माझ्यातले मासे आपणहून येऊन ओळीत बसतात.
तिनं सुई दातात धरली.
"मग तू काय करतेस?"

रविवारी सुमायाला गेलो, ओहोटी बघून.
तिथले खडक उभे, पानापानांचे,
कुणी वही कडेवर उभी करून ठेवावी तसे,
आणि दोन पानांमध्ये पाणी.
आई वाकून काराकेला वेचत होती,
रात्री टाचणीनं काढून खायला.
काही चिरांकडे ती बघतही नव्हती.
"तिथून लाट धावत परत जाते," म्हणाली, "काही ठेवत नाही."
मी बूट हातात घेऊन उभी होते.
पाय गार पडले होते, आणि मला
एकदम घरी नाही, प्रयोगशाळेत जावंसं वाटलं.

वेग निम्मा केला. मग त्याचाही निम्मा.
पट्टीखाली जराशी ऊब दिली, खिडकीच्या फटीत चिंधी कोंबली.
एक सेंटीमीटर जायला पुरी रात्र लागली.

सकाळी बेन्यातनं मायक्रोस्कोप लावला
(खिशात सूर्यफुलाच्या बिया, तिथे खायला बंदी आहे)
आणि चघळायचा थांबला.
ओळी. ओळीमागून ओळी,
सुरकुतीच्या तळाशी एकेक दाणा, शेजाऱ्याला खेटून.
एके ठिकाणी दोघं एका जागेत घुसलेले.
एके ठिकाणी चक्क कुणीच नाही.
"हे दोघं कोण?" बेन्यात म्हणाला.
मी हसले, मग तोंड धुवायला गेले.

पट्टी घरी न्यायची नसते. मी नेली.
स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली आईनं ती तिरपी केली,
हिरवी झाली, आणखी तिरपी केली, तांबडी.
ती रंग बघत नव्हती.
ती जाळं बघतात तसं बघत होती,
एका टोकापासून, डोळे बारीक करून,
आणि जिथे रंगात केसाएवढी काळी रेघ होती,
जी मला तीनदा बघून दिसली नव्हती,
तिथे थांबली.
"इथे सुटलंय."
हात लावू नकोस म्हणेपर्यंत
तिनं अंगठा ठेवलेला होता.

आता माझ्या सुरकुत्यांवर तिच्या रेषा,
त्याही ओळीत,
मिठाच्या, ताराच्या तेलाच्या, चाळीस वर्षांच्या.

नमुना गेला.
वहीत लिहिलं: क्रमांक एकेचाळीस,
वेग योग्य. एक दोष, डाव्या कडेजवळ.
शोधणारी: कोंचेसी.