पाहणी

कुमुदआत्या वजनमापे खात्यातून निवृत्त झाली,
खातं तिच्यातून झालं नाही.
मी महाडहून रात्री उतरले तिच्या घरी
आणि सकाळी नऊला आम्ही माटुंग्यात,
कॉलेजच्या फाटकाशी.
तिच्या पर्समध्ये मेजटेप, गोळ्यांची डबी, जुनं भिंग.

वॉचमनला तिने आधी गाव विचारलं,
मग ड्यूटी किती तासांची,
मग सहज विचारावं तसं:
मुली किती वाजेपर्यंत असतात हो इथे?
नाटकवाल्या दहापर्यंत, तो म्हणाला.
आत्याने माझ्याकडे पाहिलं
जणू माझ्या तोंडाला रंग लागलाय.

मांडवात एक टायवाला मुलगा
गुळगुळीत पुस्तिका वाटत होता.
शंभर टक्के प्लेसमेंट, मॅडम.
आत्या काही बोलली नाही. पुढे गेल्यावर म्हणाली,
पाचशेच्या जागी साडेचारशे भरणारे
सगळे असेच गोड हसायचे.

मग मुलींचं स्वच्छतागृह.
सात नळ, चार चालू.
दोन दारांना कडी नाही.
लिही, म्हणाली.
माझ्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर
मी लिहिलं: नळ ७, पैकी ४.

एकशे सात नंबरच्या वर्गात
मला तिने शेवटच्या बाकावर बसवलं,
स्वतः फळ्यापाशी गेली
आणि बारीक अक्षरात खडूने काहीतरी लिहिलं.
वाच.
मी वाचलं: पंखा आवाज करतो.
करत होता.

कँटीनमध्ये उसळपाव घेतला.
उधारी चालते का, तिने काउंटरवर विचारलं.
परीक्षेच्या महिन्यात चालते, उत्तर आलं.
आत्याची मान पहिल्यांदा
किंचित हलली.

दुसऱ्या मजल्यावर रसायनशास्त्राची लॅब,
आणि काचेच्या पेटीत
बसलेला तो काटा.
आत्या दारातच थांबली,
देवळात थांबतात तशी नव्हे,
ओळखीचं माणूस परक्या गावी दिसल्यावर थांबतात तशी.
याची तपासणी कधी झाली?
लॅबमधले पिंपुटकर आधी चिडले,
मग तिने भिंग काढलेलं पाहून
स्वतःच स्टिकर दाखवायला आले.
तारीख गेल्याच महिन्यातली.

काहीतरी ठेव, ते मला म्हणाले.
माझ्याकडे बसचं तिकीट होतं.
आकडे थरथरत राहिले, ठरेनात.
पिंपुटकरांनी काच ओढली.
वाकू नकोस त्याच्यावर, म्हणाले,
तुझा श्वाससुद्धा मोजतोय तो.
शून्य पूर्णांक शून्य नऊ चार.
चेंबूर ते माटुंगा, एवढंसं.
आत्या हसली, आणि मला कळलं
की ती मघापासून माझ्याहून जास्त घाबरली होती.

ती पिंपुटकरांशी जुन्या पितळी वजनांबद्दल
बोलत बसली, तेव्हा मी जिन्यावर आले.
दादाने लिहून दिलेले अकरा प्रश्न वहीत होते:
कटऑफ, वसतिगृह, शिष्यवृत्तीचा फॉर्म.
पायरीवर एक मुलगी केळं खात होती,
तिच्या ॲप्रनला जांभळे डाग.
मी तिला बारावाच विचारला:
इथे एकटं वाटतं का?

तिने घास संपवला. खरंच विचार केला.
पहिल्या वर्षी, मंगळवारी वाटायचं.
मंगळवारी मधले चार तास मोकळे असतात ना,
आणि मला कुठे बसायचं ते ठाऊक नव्हतं.
मग?
मग काही नाही. मागे बदामाच्या झाडाखाली एक कट्टा आहे,
तुटकाय, पण ऊन येत नाही.

आम्ही तो कट्टा पाहिला.
आत्याने मेजटेप काढला नाही.
नुसती बसली, चप्पल पायातून सोडून,
बराच वेळ.

बाबांचा फोन आला. कसं आहे कॉलेज?
नळ वाईट आहेत, आत्या म्हणाली,
कड्या बसवायला हव्यात, मी पत्र लिहिणार आहे.
मग माझ्याकडे न बघता:
काटा खरा आहे.

मी वही उघडली.
नळांच्या ओळीखाली लिहिलं: मंगळवार.
त्यापुढे काय लिहायचं ते सुचेना,
म्हणून बसच्या तिकिटाची घडी करून
तिथेच ठेवली.