निचरा

गिरणी बंद झाली त्या आठवड्यात
मी दोन बादल्या विकत आणल्या,
पाच-पाच गॅलनच्या, झाकणवाल्या.
लेव्हेक दुकानदारानं विचारलं, घर रंगवतोयस?
मी हो म्हणालो.

शिवाय एक रबरी टोपीचा दांडा,
संडास तुंबल्यावर वापरतात तो, कोरा करकरीत.
घरी आणून टोपीला सहा भोकं पाडली,
पाणी आरपार जावं, तोंडावर उडू नये म्हणून.
ज्युलियान म्हणाली, यावर नाव लिहून ठेव,
नाहीतर कुणी पाहुणा भलत्या कामाला नेईल.
त्या महिन्यातलं आमचं पहिलं हसू.

बाळोती सासूच्या कपाटातली.
पिठाच्या पोत्यांची फडकी, तेवीस,
धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.
एकावर निळा कोंबडा आहे, पुसट,
दर दोन दिवसांनी ओडिलच्या ढुंगणावर बसतो.
त्याची पाळी आली की आम्ही एकमेकांना हाक मारतो.

साबणाची पूड चमचाभर. सपाट चमचा.
पहिल्यांदा मूठभर टाकली होती,
फेस मरेचना, सात पाणी गेली,
आणि विहिरीचा पंप विजेवर चालतो.
गावात धुलाईची यंत्रं आहेत नाणी टाकून चालणारी,
पण वर पाटी आहे: लंगोट धुण्यास मनाई.
आणि कागदी लंगोटांचा खोका,
त्याची किंमत मी अजून तासांत मोजतो,
सुटलेल्या पाळीच्या तासांत.

एकवीस वर्षं तीन नंबरच्या यंत्रावर होतो,
दाबाच्या रोलरांपाशी.
लगदा येतो तेव्हा शंभरातले नव्याण्णव भाग पाणीच.
लोकरीच्या पट्ट्यावरून तो धावतो, दाबला जातो,
पाणी सोडत सोडत ताव होतो.
बाकी सगळं कौतुक छापणाऱ्यांचं.

बुशारबाईंच्या कोठारात पिळायचं जुनं यंत्र सापडलं,
दोन रोलर, एक मूठ, गंजलेला स्क्रू.
तिनं पैसे घेतले नाहीत, लाकूड फोडून घेतलं.
मी ते घंगाळाच्या काठावर बसवलं,
फट किती ठेवायची ते बोटांना पाठ होतं.
पहिलं बाळोतं चपटं होऊन बाहेर आलं
आणि माझा तळहात आपोआप त्याच्याखाली गेला,
चीर आहे का बघायला.

तेवढ्यात आतून ओडिल रडली.
मी ओरडलो, ताव तुटला!
आणि थांबवायचं बटण शोधत राहिलो,
भिंतीवर, जिथं फक्त चिमटे टांगलेले.

जानेवारीत दोरीवर ती गोठतात.
टिचकी मारली तर वाजतात.
नदीपलीकडून, कॅनडातून वारा येतो
आणि बर्फ पाणी न होताच उडून जातं,
संध्याकाळपर्यंत बाळोती पुन्हा कापड होतात.
हे कसं होतं ते शाळेत सांगितलं असेल.
मी त्या दिवशी मासे धरायला गेलो असेन.

माझे हात आता गिरणीपेक्षा वाईट फुटलेत.
लोकरीच्या चड्डीला जे मेण चोळतो
तेच उरलेलं हातांना चोळतो,
दोघांना मेंढीचा वास येतो, मला आणि लेकीला.

ज्युलियान सकाळी सहाला येते वृद्धाश्रमातून.
बूट न काढता स्टोव्हपाशी बसते, घड्या घालते,
रात्रभर म्हाताऱ्यांचे बदलून आलेली.
रोझेअर तिथंच आहे, आमचा मुकादम,
त्याला आता दिवस कळत नाही.
तो तिला दर रात्री विचारतो,
तीन नंबर चालू आहे का?
ती म्हणते, आहे.
माल कसा येतोय?
पांढरा, ती सांगते. कडा जरा ओल्या राहतात.