बॉनेटवर हात

इद्रिस मिस्त्रीने टायर पाहिले नाहीत, काचा पाहिल्या नाहीत.
देवपुरात गल्लीच्या तोंडाशी माझ्या स्कूटीवरून उतरला
आणि थेट जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
मग माझ्याकडे न बघता, हळूच:
"गरम शे."

सकाळचे साडेसात. पौषातली थंडी.
पांझरेकडून येणारं वारं कानात शिरत होतं
आणि गाडी गरम.

डिझेलची म्हातारी गाडी पहिल्या स्टार्टला कळते.
किती खोकते, धूर कसला टाकते, पांढरा की काळा.
दिवसातून एकदाच कळतं ते,
आणि आम्ही पोचायच्या आत होऊन गेलं होतं.

नेरकर सर आले. मफलर, हातात चहाचा ट्रे.
"दोन हजार बाराची. एक लाख चौसष्ट हजार किलोमीटर.
सगळी बिलं आहेत."
होतीच. तारीखवार, प्लास्टिकच्या फायलीत,
गणिताच्या मास्तराला शोभेलशी.
एका बिलामागे पेन्सिलीने: टायमिंग चेन बदलली, आवाज गेला.
खाली बारीक अक्षरात: चाळीसगाव जाऊन येऊन, ॲव्हरेज २१.३.

हिशेब तर मीही घरून करून आले होते.
शिरपूर, साक्री, नंदुरबार.
एसटीच्या पार्सलात निम्म्या बिबड्या फुटतात
आणि फुटलेल्या बिबडीचे पैसे कुणी देत नाही.
महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर धरले तर डिझेल परवडतं,
तेवढी गिऱ्हाइकं टिकली तर.
पासिंग संपायला तीन वर्षं. पुढे ग्रीन टॅक्स.
एक लाख नव्वद म्हणतात, पंच्याहत्तरला येतील.
धाकटा पुण्याहून फोनवर: आई, डिझेलचा जमाना गेला.
जमाना गेल्यावरच वस्तू स्वस्त होते, म्हटलं,
माझ्या घरातलं निम्मं सामान तसंच आलंय.

इद्रिसने डिपस्टिक काढली,
तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं.
"दम शे आजून."
आणि मग चहाचा कप न उचलता:
"सर, आज गाडी कोनी चालू करी?"

सर थांबले जरा.
"मीच. सहाला. नगावबारीपर्यंत जाऊन आलो.
म्हटलं, आज जाईल."

खरं असेल.
किंवा चाळीस वर्षं वर्गाला सांभाळलेल्या माणसाला
कुठल्या वाक्यानंतर पोरं गप्प बसतात
हे नेमकं माहीत असेल.
मी चेहऱ्याकडे पाहिलं. अर्धा मफलरमध्ये होता.
आणि बॉनेटचं काय,
ते दोन्हींची साक्ष सारखीच देतं.

परत येताना इद्रिस कानामागून म्हणाला,
"उद्या पाचले येसूत. सांगू नको."

मी सांगितलं.
रात्री जेवणं झाल्यावर फोन केला:
सर, उद्या तिला हात लावू नका, मी येते.
पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.
"बरं," म्हणाले. "मग किल्ली तुम्हीच फिरवा."

पाचला अंधार होता. काचेवर दव.
इद्रिस रुसलेला, तरी आलेला.
त्याने तळहात ठेवला, झटकन उचलला:
"बरफ."

मी आत बसले. सीट पुढे ओढली.
डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागला
आणि काचेपलीकडून सर वाकून म्हणाले,
"थांबा. तो विझू द्या आधी.
घाई केली की चिडते."

ते जागचे हलले नाहीत.
इद्रिस मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवा बसला,
मोबाइलची बॅटरी लावून, धुराचा रंग बघायला.

आणि मी, दिवा विझेस्तोवर,
मागची सीट पाडली तर
किती डबे मावतील ते मोजत होते.