इतिवृत्तातून वगळलेले

सुनावणी चर्चच्या तळघरात झाली,
कारण सभागृहाचा बॉयलर बंद होता.
राज्य मंडळाचे तिघे ऑगस्टाहून आले,
पायपुसण्यावर बुटांचा बर्फ झटकला
आणि मला म्हणाले, लिहा.

लिहिलं.
मनोरा, उंची एकशे चाळीस फूट,
पाइन वृक्षाच्या वेषात.
भोवतीचे खरे पाइन जेमतेम सत्तर.
कंपनीचा वकील म्हणाला, दीडशे दिवसांचं घड्याळ चालू आहे,
मुदत उलटली की मौन म्हणजे होकार.
मौन म्हणजे होकार, हे मी दोनदा लिहिलं,
एकदा चुकून.

रोझेअर वेलेट उठला, टोपी चुरगाळत.
त्याचं घर टेकडीच्या पायथ्याशी,
मुलीला लहानपणापासून डोकेदुखी.
अध्यक्ष म्हणाले, किरणांच्या धास्तीवर
निकाल देता येत नाही, कायद्याने आमचे हात बांधलेत.
हे वगळा.
मी रेघ मारली.
रोझेअर उभाच राहिला,
रेघेखाली.

मग आर्डिथ पेल्की.
गेल्या जानेवारीत तळ्यावरचा बर्फ फुटला
तेव्हा तिच्या नवऱ्याच्या मुठीत फोन होता,
आणि फोनवर काडीसुद्धा नव्हती.
ती म्हणाली, झाड नका करू.
मनोरा बांधायचा तर मनोऱ्यासारखा बांधा.
खिडकीतून रोज दिसू दे मला,
उशिरा आलेला.
ही हरकत समजायची की पाठिंबा? सदस्याने विचारलं.
माझ्या कागदावर रकाने दोनच होते.

मंजूर. तीन विरुद्ध शून्य. अटी अकरा.
सातवी : फांद्या बारमाही हिरव्या असाव्यात.

मे महिन्यात त्या फांद्यांवर
मासेमार घारींनी काडी काडी आणून घरटं रचलं.
जूनमध्ये अँटेना बिघडला.
कंपनीचा माणूस दोर घेऊन आला, वर पाहिलं,
दोर गुंडाळला.
पिल्लांच्या घरट्याला हात लावायचा
तर परवाना दुसऱ्याच खात्याचा,
आणि त्या खात्याला घड्याळ नाही.

आर्डिथने दुर्बीण मागवली आहे.
घार त्याच तळ्यातून मासे आणते,
ती मोजत बसते.

काल पोस्टात रोझेअर भेटला.
पोरगी बँगोरला शिकायला गेली,
रोज रात्री तिचा फोन यायचा, म्हणाला,
ही पाखरं उडणार तरी कधी?
मग माझ्या हातातल्या पेनकडे पाहून थबकला.
हे वगळ, म्हणाला.

पेन तिकिटाच्या पैशांची पावती करायला घेतलं होतं.