खाणीतला ग्रह

आमच्या गावामागे एक परका ग्रह होता.
एरवी तिथे पाटीचा दगड निघायचा,
निम्म्या वेल्सच्या छपरांवर तोच.
त्र्याहत्तरच्या मार्चात टीव्हीवाले आले:
दोन लॉऱ्या, एक धुराचं यंत्र, आणि एक मुलगी
जिचं कामच होतं बुटांचे ठसे झाडून टाकणं.
ग्रहावर अजून कुणी उतरलं नव्हतं ना.

त्यांना उंच माणूस हवा होता.
मुकादम म्हणाला, इडवलला विचारा.
म्हणजे माझ्या बापाला. सहा फूट तीन,
चॅपलमध्ये मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसणारा.
दिवसाचे चार पौंड, सँडविच वेगळं,
आणि अंगभर हिरवं रबर,
आमच्या टीव्हीवर ते करडंच दिसलं.
मुखवट्यात म्हणे धूळ शिरत नसे.
एवढं एक त्याला आवडलं.

शनिवारी सव्वापाचला
अख्खी गल्ली आमच्या सोफ्यामागे.
कड्यावरून तो उतरू लागला तशी
नेस्टानं किंकाळी फोडली, मेरेडिथ टेबलाखाली.
मी एकटी बघत राहिले
डावा पाय जरासा ओढत येणाऱ्या राक्षसाकडे
(अठ्ठावन्न साली तो पाय ट्रॉलीखाली आला होता)
आणि राक्षस शेजारीच बसून
चहात बिस्किट बुडवत होता.
"आवाज माझा नाही," एवढंच म्हणाला.

पुढे त्या फिती पुसल्या. टेप महाग.
त्याच टेपवर कुठलीशी फुटबॉल मॅच घेतली.

रविवारच्या विज्ञानाच्या कार्यक्रमात
लोकरी टायवाले एक गृहस्थ यायचे,
संत्र्याचा सूर्य करायचे, वाटाण्याची पृथ्वी.
ते सांगत, प्रक्षेपण थांबत नसतं, जात राहतं.
असेल. पन्नास प्रकाशवर्षं लांब
कुणी आत्ता बघत असेल त्याला लंगडत उतरताना,
म्हणत असेल, आपल्यातला नाही दिसत,
पण बिचारा पाळी संपवून आलाय.

माझ्याकडे एक कॅसेट आहे,
टीव्हीच्या जाळीपुढे माईक धरून केलेली.
तीत किरणबंदुकीची चुंई चुंई,
आईचं "दार लावा गं, गारठा येतो",
आणि बाराव्या मिनिटाला, गर्जना संपते न संपते तोच,
खोकला.
"शूऽऽ! रेकॉर्ड होतंय!"
ही मी. नऊ वर्षांची, भडकलेली.

मग बराच वेळ नुसती खरखर.
तो खोकला
दाबून धरतोय.