एक तृतीयांश गुडघा

रविवार होता, म्हणून हातात पाटी नव्हती.
बावीस वर्षं ती लाल पाटी धरून
ईरीतल्या शाळेच्या कोपऱ्यावर मी
ट्रक थांबवले, बर्फ उपसणारी यंत्रं थांबवली,
एकदा तर अख्खी अंत्ययात्रा थांबवली,
पहिलीतल्या सात पोरांसाठी.
त्या दिवशी नुसती पाव आणायला निघाले होते
आणि पार्सलच्या गाडीला मी दिसलेच नाही.

पोरगा खाली उतरला, पांढराफटक.
"लागलं का हो?"
"मी ठीक आहे रे," मी म्हणाले,
रस्त्यावर पडल्या पडल्या,
डावा पाय भलतीकडेच बघत असताना.
आईने वळणच तसं लावलेलं:
समोरच्याला कानकोंडं करू नये.
पोलिसाने ते वाक्य लिहून घेतलं.

विमावाल्यांनी चार हजार देऊ केले.
वर एक फुलांचं कार्ड.

हायवेवर एका वकिलाचे दात आहेत,
बारा फूट रुंद, रात्री त्यांच्यावर दिवे सोडतात.
फोन लावला तर कुठल्याशा दुसऱ्याच राज्यातली मुलगी
विचारू लागली, इजा कमरेच्या वर की खाली,
आणि उत्तराआधी गाणं लावून गेली.
दुसरा, मेव्हण्याच्या बोलिंगच्या संघातला,
चाळीस टक्के म्हणाला,
जुनी मोटार घेताना बघतात तसं गुडघ्याकडे बघत;
चाकाला लाथ तेवढी मारली नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
मला तर कुठलीच चढता येत नव्हती.
टेडेस्कोचं ऑफिस बूट दुरुस्तीच्या दुकानावर,
एकवीस पायऱ्या, लिफ्ट नाही.
खालून फोन केला.
तो उतरून आला, कोट न घालता, बर्फात,
माझ्याच गाडीत शेजारी बसला,
कागद डॅशबोर्डवर पसरून.
हीटर खडखडत होता.
"जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा.
हरलो तर माझी फी नाही.
पण खर्च वेगळा. ते कलम आधी वाचा, सही मागाहून."
मी वाचलं, बोट ठेवून, ओळ न् ओळ.
"झेरॉक्स, पानाला पंचवीस सेंट?
ग्रंथालयात दहा आहे."
त्याने पंचवीस खोडलं, दहा लिहिलं,
शेजारी आपली आद्याक्षरं घातली.
तेव्हा कुठे मी पेन मागितलं.

चौदा महिने.
माझ्या गुडघ्याची सहाशे बारा पानं झाली.
जबानीच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने
माझं वाक्य मलाच वाचून दाखवलं, चारदा:
"मी ठीक आहे."
'रे' गाळला त्याने.
मी म्हटलं, साहेब, त्यात एक 'रे' होता.
त्याने विचारलं, त्याने काय फरक पडतो?
टेडेस्को पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघू लागला.

अठ्ठेचाळीस हजारांवर मिटलं.
सोळा त्याचे.
एकोणीसशे चाळीस खर्च,
त्यात झेरॉक्सचे एकसष्ट डॉलर वीस सेंट,
आणि बाकीचं बहुतेक त्या डॉक्टरचं,
माझ्याबद्दल दोन तास खात्रीने बोलायचं.
सतरा हजार तीनशे आरोग्य विम्याने परत मागितले,
त्यांना म्हणे तसा हक्क असतो.
राहिले बारा हजार सातशे साठ.
पाकिटाच्या पाठीवर मी दोनदा हिशेब केला.
चुकला असता तर बरं झालं असतं.

त्याच्यावर रागावता येत नाही.
तो अजून त्याच एकवीस पायऱ्या चढतो
आणि बुटांना नवे तळ खालीच लावून घेतो.

कोपऱ्यावर आता ग्लेंडा उभी असते.
पाटी जरा तिरपी धरते.
शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळतात,
तिथे कुणीतरी विचारतंच:
"काय बर्नाडीन, कशी आहेस?"

ओठांवर आलेलं वाक्य मी थांबवते,
हात वर करून थांबवावं तसं,
डावीकडे बघते, उजवीकडे बघते.

दुखतं, म्हणते.
ते बटाटे इकडे सरकव.