काढणे

पैंगीणच्या देवळात, चुना ओला आहे तोवर
सोयरू च्यारी घाईत.
"हत्ती काढताय?"
"हत्ती ठेवतोय. काढतोय ते तांबडं."
आणि लोखंडी काट्यानं कावेचा पापुद्रा उडवला.

काणकोणची बस गेली, ऐकली.
गुडघा दुखत होता, कुणाचा ते कळेना.
सोंड आली, सुपाएवढा कान आला,
डोळ्याच्या जागी अजून नुसती भिंत
आणि तिथूनच
मला कुणीतरी बघत होतं.

तो चहाला गेला तेव्हा
मी बोट लावलं. लावायचं नव्हतं.
थंडगार.
भिंतीला मी कसा लागलो असेन?

परतल्यावर त्यानं ठसा पाहिला, बोलला नाही.
तसाच राहू दिला पोटाखाली,
शेपटीकडे वळला.

रात्री हात धुताना
नखात तांबडं दिसलं.
काढलं नाही.